जोडहोडीविरुद्ध आप्पासाहेब

नवं गाव, ता. शेवगाव
२० ऑक्टोबर २०२४

चि. राजनंदिनीस,
मामाचे आशीर्वाद, आणि यावेळी त्यांच्या जोडीला मामाचा राग.

तुझा आराखडा मिळाला. कागद उलगडला आणि मी ओट्यावर मटकन बसलो. होडीला दोन पोटं! चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी दोनच. तुझ्या मामीला वाटलं कुणी गेलं की काय. ती हातातलं सूप टाकून धावत आली.

शिडाच्या शर्यतींचं वेड मला तूच लावलंस, गोव्याच्या बोटींच्या कारखान्यात लागलीस तेव्हा. आज साऱ्या तालुक्यात या विषयावर बोलणारा मी एकटा, आणि ऐकणारा तर एकही नाही. तरी मी बोलतो. एकपोटी होडीच्या तळाखाली कील असते, पाण्यात खोल उतरलेलं वजनदार पातं. वारा तिला आडवी पाडतो, ती पुन्हा उभी राहते. जोडहोडी उलटली की उलटीच. ती वेगवान आहे, मान्य. वेगवान तर अफवाही असते. शिडाच्या होड्यांच्या त्या जगातल्या मोठ्या कपाच्या सरावात जोडहोडी उलटून तिच्याखाली एक उमदा खलाशी गेला, ते आपण दोघांनी वाचलं होतं. त्या दिवशी तू जेवली नव्हतीस. विसरलीस?

प्रश्न शर्यतीचा असता तर वाद घालून मी चहा प्यायलो असतो. प्रश्न तुझ्या मामीचा, मालनचा आहे. धरणाने जुनं गाव गिळलं, पण पाण्याच्या फाट्यापलीकडचं आपलं दोन एकर रान वर राहिलं. सडकेने एकोणीस किलोमीटर, पाण्यावरून दीड. म्हणून ती मच्छिंद्रच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाते. मासे धरायचा तराफा तो. गेल्या श्रावणात उलटला, आणि मच्छिंद्रने तिला केस धरून ओढून काढली. तेव्हाच आपण ठरवलं, तिला धड होडी द्यायची. ती मी स्वतः बांधतो आहे. एकपोटी! तुझ्या जोडहोडीत मालन पाय ठेवणार नाही, हे मी इथून जाहीर करतो.

फोन करू नकोस. फोनवर तू मध्येच तोडतेस. पत्रात तुला मला शेवटपर्यंत ऐकावं लागतं.

राग पत्रापुरता, माया जन्माची.
तुझा मामा,
आप्पासाहेब


वास्को, गोवा
२ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
राजनंदिनीचा एक नमस्कार, आणि मामीला दोन.

तुमचं पत्र कारखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं. अफवेचं वाक्य आमच्या रंगाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवलंय. पण काल आईने फोनवर जे सांगितलं, त्याने माझ्या हातातला कप निसटला. कीलसाठी तुम्ही गुऱ्हाळाच्या मोडक्या चरकाचा लोखंडी रूळ लावताय? नव्वद किलोचा? मामा, तुम्ही होडी बांधताय की नांगर?

शर्यतीतली जोडहोडी उलटते, कारण तिथले लोक वेगासाठी तिचं एक पोट हवेत उचलून पळवतात. मामीला हवेत काही उचलायचं नाही. तिला खताची गोणी न्यायची आहे, आणि येताना चाऱ्याचा भारा आणायचा आहे. एका डब्यावर उभं राहणं आणि दोन डब्यांवर फळी टाकून उभं राहणं, पडायला सोपं कोणतं, ते तुम्हीच सांगा. उलटली तर सरळ करणं कठीण, हे तुमचं खरं आहे. म्हणून मी शीड लहान ठेवलंय. आणि हे परदेशी फॅड आहे असं आईला सांगत होतात म्हणे. जोडहोडीला जगभर म्हणतात तो कॅटॅमरान शब्दच तामिळ आहे, कट्टुमरम, म्हणजे एकत्र बांधलेली लाकडं. यंदा कपाच्या होड्या एकपोटी आहेत म्हणून तुम्ही पेढे वाटलेत, तेही कळलं. त्या होड्यांना तुमच्यासारखी कील नाहीच, मामा. त्या तळाच्या पंखांवर पाणी सोडून उडतात. पेढे परत मागवा.

थट्टा पुरे. माझी खरी भीती वेगळी आहे. तुमची कील साडेचार फूट पाण्यात जाणार. आज धरण भरलंय. माघात पाणी उतरायला लागलं की खालचं जुनं गाव वर यायला लागतं. माझी होडी गुडघाभर पाण्यातही चालते. ती मी टेम्पोने पाठवतेच. आवडली नाही तर ताडपत्रीखाली ठेवा, पण मोडू नका. आणि पाण्याची खोली मोजल्याशिवाय मामीला तुमच्या होडीत बसवू नका. हे मी भाची म्हणून नाही, होड्या बांधणारी म्हणून सांगते.

भांडण चालू ठेवावं, माया वाढवत राहावी.
आपली,
राजनंदिनी


नवं गाव
१९ जानेवारी २०२५

चि. राजनंदिनीस,
विजयी मामाचे आशीर्वाद.

होडी पाण्यात उतरली! नारळ फोडला, गुलाल उधळला, मी पाऊण तास बोललो. मच्छिंद्र म्हणाला की होडी लई ब्येस हाय, पन भाषनापेक्षा आखूड हाय. हसले सगळे. हसू देत. पहिल्याच झुळकेला ती कलली, आणि चरकाच्या रुळाने तिला अशी सरळ केली, जसं पैलवानाने पट्ठ्याला उभं करावं.

तुझी जोडहोडी ताडपत्रीखाली आहे. मोडलेली नाही. मी शत्रूचाही मान ठेवतो.

खोली मोजायचं लिहितेस. मला? त्या पाण्याखाली मी जन्मलो. अठ्ठेचाळीस वर्षं त्या बुडालेल्या गावावर व्याख्यानं देतोय. तिथला दगड न् दगड मला पाठ आहे. गोव्याच्या पोरीने मला माझ्या गावची खोली शिकवू नये.

मालन मात्र बसायला तयार नाही. आज पाठ दुखते, उद्या उपास आहे. एकदा मी एकटा पलीकडे जाऊन येतो, मग तिला नेतो.

तुझं तोंड गोड व्हावं म्हणून तिळगूळ पाठवतो आहे. युक्तिवाद मात्र कडूच राहू दे, त्याशिवाय मजा नाही.
मामा


नवं गाव
११ फेब्रुवारी

चि. राजनंदिनीला मामीचा लई लई आशीर्वाद.

माझं अक्षर म्हंजे कोंबडीनं उकरल्यावानी, पर तुझे मामा लिहीना झालेत म्हनून मीच लिहिते. आधी सांगते, समदी जित्ती हाईत. आता वाच.

शनवारी सकाळी हे येकटेच होडी घिऊन निघाले. म्हनले, आज चक्कर मारून येतो, उद्या तुला नेतो. होडी लई देखनी दिसत हुती, खोटं कशाला बोलू. काठापासनं हाकंच्या अंतरावर गेली आन् बैल अडल्यावानी थांबली. शीड फुगल्यालं, होडी जागची हालंना. मग कलली, आन् पानी आत गेलं. मी छाती बडवायला लागले. तर हे पान्याच्या मधोमध उभे! कमरंयेवढ्या पान्यात. मला वाटलं, द्येव पावला.

मग ध्यानात आलं. ती आपल्या जुन्या विहिरीची जागा. ज्या दगडी थारोळ्यात मोट रिकामी व्हायची, त्याच्यावर हे उभे. येक पाऊल मागं, की साठ फूट विहीर. मी वरडले की हालू नका, पाठीमागं विहीर हाय. तर हे तिथनं मलाच सांगाया लागले की विहीर म्होरं उजव्या अंगाला हाय, मला शिकवू नको! मी म्हनलं, मुकाट्यानं उभं ऱ्हावा, न्हाईतर उद्याचं भाषान मासं ऐकतील. तवा थांबले.

मच्छिंद्र मासळी घिऊन शेवगावला गेल्ता. काठावर चिटपाखरू न्हाई. मी ताडपत्री वढली आन् तुझी होडी पान्यात लोटली.

आता तुला खरं सांगते. ती ताडपत्रीखाली हुती ती फकस्त ह्यांच्यासाठी. हे भाषनाला गेले की मी आन् मच्छिंद्र ती काढायचो. शीड धरायला त्यानंच शिकवलं. चौदा येळा पलीकडं जाऊन आले मी. पर येकटी कवाच न्हाई.

वारं विहिरीकडनं ह्यांच्याकडं व्हात हुतं, म्हनून विहिरीवरनंच गेले. खाली बघितलं न्हाई. हात दिला, फळीवर वढून घेतलं. ओठ निळं पडल्यालं, दात वाजत हुते. आन् पयलं काय इचारावं? ह्या होडीचं शीड कुनी बांधलं! मी म्हनलं, मीच. तवापासनं गप हाईत. आज चौथा दिस. पन्नास वर्सांत असं झालं न्हाई. ताप उतरलाय, जेवत्यात, पर बोलत न्हाईत. भाषान न करनारा ह्यो मानूस मला वळखू येईना बग. तू काईतरी लिही, वाकडंतिकडं, राग येईल असं.

तुझी मामी,
मालन


नवं गाव
२ मार्च २०२५

चि. राजनंदिनीस,
तुझ्या मामाचे आशीर्वाद.

तू धाडलेलं खोचक पत्र पोचलं. राग आला नाही. मालन फार निराश झाली.

मी गप्प होतो ते तापामुळे, असं गावात सांगितलं. ते खोटं आहे. त्या विहिरीवर माझं एक अख्खं व्याख्यान आहे. ते ऐकून माणसं रडलेली मी पाहिली आहेत. आणि त्याच विहिरीच्या काठावर उभा असताना, ती माझ्या कोणत्या बाजूला आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं इतकंच नाही, मला चुकीचं ठाऊक होतं, आणि त्याची मला बालंबाल खात्री होती. मी मागे पाऊल टाकणारच होतो. मालनने हाक मारली तेव्हा टाच उचललेली होती. राजनंदिनी, ती टाच अजून माझ्या स्वप्नात उचललेलीच आहे.

मी तिला विचारलं, तुला कसं आठवलं. तिने तव्यावरची भाकरी उलटत सांगितलं की विहिरीवर भाषणं तुमी केली, पानी मी शेंदलं.

वादाचं म्हणशील तर खोल समुद्रात कील हवीच. तिथे मी इंचभर मागे हटणार नाही, पुढच्या शर्यतीला दाखवतो तुला. पण खोल पाणी कुठे आहे, हे जिला माहीत होतं तिला न विचारता मी कील बांधली. त्यात लोखंडाचा काय दोष? उन्हाळ्यात पाणी ओसरलं की माझी बुडालेली होडी वर काढू.

मालन आता तुझ्या होडीने रोज रानात जाते. मच्छिंद्र आणि तराफ्यावरची बाकीची माणसं येऊन तिला विचारतात, की पाणी उतरतंय, कुठे काय लागेल. म्हणून आम्ही नकाशा करायला घेतलाय. ती मागे सुकाणू धरून सांगते, मी मधल्या फळीवर वही घेऊन लिहितो. मध्ये बोलायचं नाही, ही तिची अट. छबूबाईचा गोठा. बिभीषणच्या चिंचेचं खोड, टोक उत्तरेला. तेल्याच्या घाण्याचा दगड. लग्न होऊन तीनच वर्षं झाली होती तिला, गाव बुडालं तेव्हा. मी तिथे जन्मलो. कालपर्यंत एकाहत्तर जागा झाल्या, त्यातल्या चाळीसेक मला माहीतही नव्हत्या.

खोली मोजायला खुणा केलेली दोरी हवी, ती लवकर पाठव. आणि तुझ्या मामाला तुझ्या मनातून उतरू देऊ नकोस.

काल एका जागी तिने शीड सैल सोडलं. होडी उभी राहिली. ती वाकून पाण्यात बघत राहिली. शेवटी मी विचारलं, काय लिहू? म्हणाली की हितं बांधल्यालं काय न्हाई. हितं दुपारच्या बाया बसायच्या, पुरुषांनी यायचं न्हाई. मी काठी टाकून पाहिली आणि लिहिलं: येथे बायका बसत. पाणी तीन फूट. सावकाश जावे.

तुझा मामा,
आप्पासाहेब