तळमजल्याच्या मागच्या भिंतीबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, विधवा, वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे स्लाइड तयार करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचे दडपण नाही. लिहिते आहे ती संतापाने, भ्रमाने नव्हे. यापूर्वी सगळे काही मुलाच्या नावे केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे.

१. हे दुमजली घर माझ्या कमाईचे आहे. ते मी शिवणताईंना देत आहे. शिवणताई म्हणजे तळमजल्यावर नऊ वर्षे भाड्याने राहिलेल्या, कपडे शिवून पोट भरणाऱ्या बाई. त्या माझ्या नात्याच्या नाहीत. म्हणून कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर मुलगा कोर्टात म्हणेल, म्हातारीला भूल घातली.

त्यांचे मशीन मागच्या भिंतीला लागून असे. दोन वर्षांपूर्वी त्या भिंतीवर काळे डाग उमटले. शिवणताई जिना चढून आल्या नि म्हणाल्या, "काकू, पुसलं की तेवढ्यापुरतं जातं, आठवड्यात परत येतं. कपड्यांनासुद्धा वास लागतोय." मी पाते घेऊन खाली गेले, डाग खरवडला आणि घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कोनिडिओफोर. म्हणजे बुरशीचा उभा दांडा. त्याच्या टोकाला बीजाणूंच्या साखळ्या उघड्यावरच असतात. मशीनचे चाक फिरले तरी हवेत उडाव्यात अशा. बुरशीची मला कधी किळस आली नाही, तिने मला चौतीस वर्षे जेवू घातले. किळस आली ती पुढच्या गोष्टींची.

मी स्लाइडला लेबल लावले, तारीख घातली आणि मुलाला बोलावले. तो रंगकामाचा ठेकेदार आहे. पाणी माझ्याच न्हाणीघरातून झिरपत होते. फरशी फोडून पाइप बदलायला हवा होता. तो म्हणाला, "आई, फरशी फोडली तर महिनाभर तू अंघोळ कुठे करणार? ऑइलपेंटचा एक हात मारतो, विषय संपला." मी त्याला रंग मारू दिला. मला माझी गरम पाण्याची अंघोळ सोडायची नव्हती. हे वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिले आहे.

त्याने तीनदा रंग दिला. तिन्ही वेळा रंगाला फुगे आले, पापुद्रे सुटले आणि आतले काळे, ओले, बुळबुळीत बाहेर आले. शिवणताईंना थोडा खोकला आधीपासून होता. आता त्या एक टीप घालताना दोनदा थांबू लागल्या. त्यांनी तक्रार केली तेव्हा मुलाने गल्लीभर सांगितले की बाई घाणेरडी आहे, ओल्या चिंध्या साठवते, केर काढत नाही. त्या बाईच्या फरशीवर पडलेला दाणा उचलून तोंडात टाकावा इतकी ती स्वच्छ असे! पण लोकांनी शिवायला कपडे टाकणे बंद केले.

२. प्रयोगशाळेतील माझ्या माजी साहेबांना मी त्यांचेच पत्र परत देत आहे. मुलाने त्यांचा बंगला फुकट रंगवला आणि त्यांच्याकडून लिहून आणले: "भिंतीची पाहणी केली. केवळ अपोथेशियम आढळले. निरुपद्रवी आहे."

शिवणताई ते पत्र घेऊन वर आल्या. "काकू, एवढे मोठे साहेब म्हणतात, म्हणजे माझंच काही चुकतंय का हो?"

अपोथेशियम म्हणजे बुरशीची उघडी वाटी. तिच्या आत बीजाणू पिकतात आणि ती बहुतेकदा नुसत्या डोळ्यांनाही दिसते. त्या भिंतीवर एकही वाटी नव्हती. साहेबांनी भिंत पाहणे सोडाच, गल्लीत पाऊलही टाकले नव्हते. नोकरीत ते मला म्हणत, "बाई, तुम्ही काचा पुसा, नावं ठेवायचं आम्ही बघतो." आता मीच नावे ठेवते: आळशी, लबाड, विकाऊ.

पण त्या दिवशी मी शिवणताईंना काय म्हटले? "बघू या." स्लाइड माझ्या कपाटात होती आणि मी म्हटले, बघू या.

महिन्याभराने त्या मशीनवरच कोसळल्या. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, "खोकला जुना आहे, पण या श्वास कशात घेत होत्या?" उत्तर मला लॅटिनमध्ये येत होते. तेव्हा कुठे माझे तोंड उघडले.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः नळवाल्याला बोलावून फरशी आणि भिंत दोन्ही फोडायला लावल्या. गिलावा पडला तसा तो नाकाला रुमाल लावून मागे सरला. "मावशी, इथे माणूस राहत होतं?"

मुलगा धावत आला. भिंतीकडे न बघता म्हणाला, "आई, त्या स्लाइडवरची तारीख बदल. आपल्याला आधीपासून माहीत होतं असं दिसतं."

"दिसत नाही. होतंच."

"तुझ्यासाठीच केलं ना सगळं? तुझी अंघोळ अडू नये म्हणून?"

तो खोटे बोलत असता तर बरे झाले असते.

३. मुलाला माझे सूक्ष्मदर्शक, भांडीकुंडी, बँकेतील ठेव यांपैकी काहीही मिळणार नाही. जिन्याखाली त्याच्या रंगाचे तीन अर्धवट डबे पडले आहेत, ते त्याने न्यावेत. ठेव शिवणताईंच्या औषधपाण्यासाठी आहे. त्या आता बहिणीकडे असतात आणि त्यांना मशीन चालवणे जमत नाही. सूक्ष्मदर्शक कोणत्याही शाळेला द्यावे.

४. ती स्लाइड मूळ लेबल आणि मूळ तारखेसह शिवणताईंना द्यावी. ती माझ्याविरुद्धही पुरावा आहे, हे मला ठाऊक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "स्वतःबद्दल इतकं कडक कशाला लिहिता?" मी म्हटले, "मऊ लिहायला ही शोकसभा नाही."

५. घर देते हे सांगायला मी मागच्या आठवड्यात शिवणताईंकडे गेले. त्यांनी मला पाणी दिले, पण बसा म्हणाल्या नाहीत. "मला ते घर नको, काकू. आठवलं तरी छाती भरून येते. एवढंच लिहून द्या की मी घाणेरडी नव्हते."

घर तरीही त्यांचेच. राहावे, विकावे, पाडावे. पण त्यांनी मागितलेली वस्तू ही आहे आणि माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवसाच्या आत ती गल्लीतल्या प्रत्येक दारात, मुलाच्या दारात सर्वांत आधी, डॉक्टरीणबाईंनी मोठ्याने वाचून दाखवावी:

भिंतीतले पाणी माझे होते. रंग माझ्या मुलाचा होता. खोटे पत्र साहेबांचे होते. शिवणताईंचे घर स्वच्छ होते.

स्थळ: याच घराचा तळमजला, मागची खोली
दिनांक: ९ मार्च

सही: घरमालकीण

आमच्यासमक्ष, शुद्धीत व स्वखुशीने सही केली:
साक्षीदार १: दवाखान्यातील डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: नळवाला (सही)