बुजवलेले खड्डे

२ जून, उधना
आले एकदाची सुरतला! अमळनेरहून निघताना आई रडली, मी मुळीच नाही. सुकलालमामांनी स्टेशनाबाहेरच लोचो खाऊ घातला, भागीरथीमामीने आतली खोली माझ्यासाठी रिकामी केली. माझी नोकरी ऐकून मामी अजून हसतेय. बसायचं सुरतेच्या घामात आणि मोजायचा हिमालयातला बर्फ!

५ जून
काम सोपं आहे. उपग्रहाच्या चित्रांवरून हिमनदीची उंची काढायची, मागच्या महिन्याशी ताडायची. कुठे तीस मीटरचा खड्डा दिसला, तर मूळ चित्र उघडून बघायचं. ढग आडवा आला असेल तर ती चूक, आजूबाजूची उंची भरून खड्डा बुजवायचा. ढग नसेल तर बर्फ खरंच खचतोय, लगेच आमचे साहेब मगनभाई यांना सांगायचं. एकेका खड्ड्यापायी वीस मिनिटं जातात. कंटाळा येतो बाई.

१२ जून
मी चित्र न उघडताच बुजवते. ढगच तर असतात! सगळ्यांत झपाट्याने काम माझं, म्हणून मगनभाईंनी चारचौघांत कौतुक केलं. मामा वेल्डर आहेत, माझ्याच हिमनदीखालच्या बोगद्यावर उद्या कामाला निघालेत. म्हणाले, वरून लक्ष ठेव हो. मी ऐटीत हो म्हटलं.

२० जून
आज सहज मूळ चित्रं उघडली. ढग कुठेच नव्हता. अकरा खड्डे, अकराही मीच बुजवलेले. सांगायला उठले, तर मगनभाई नव्या मुलांना माझंच उदाहरण देत होते. लाज वाटली. परत बसले. उद्या नक्की सांगेन.

२२ जून
काल सकाळी हिमनदी खचली. बोगद्यात पाणी शिरलं. मामांचा फोन लागत नाही. मगनभाईंनी विचारलं, आधी काही दिसलं होतं का? मी म्हटलं, ढग होते. शी! जीभ झडली कशी नाही माझी.
घरी आले तर खोलीतली एक फरशी खचलेली. आत हात घातला. बर्फाचं पाणी.

२३ जून
शेजारच्या नूतनताईंनीही तेच विचारलं. ढग होते म्हटलं. दुसरी फरशी गेली. सिमेंट आणून ओतलं— तळच लागत नाही.

२५ जून
जो तो विचारतो. मी तेच सांगते. दर वेळी एक फरशी—
खालून हातोडी वाजते. मामांचीच. थांबून थांबून, कोणी ऐकतंय का बघत.
खरं बोलायला एक वाक्य लागतं. तेवढंही होत नाही माझ्याच्याने.

२६ जून, दुपार
एकच फरशी धड उरलीय. मामी आत आली, तिच्यावरच उभी राहिली. तिला खड्डे दिसत नाहीत. डोळे सुजलेत तिचे. विचारतेय, तुले काहीच दखायनं नही का, बाई?
आता सांगते. आता तरी सांगायलाच—
म्हटलं, मामी, ढग हो—