तुमच्या पुस्तकांतला 'आम्ही'

सर, गेल्या रविवारी मिस्सा सुटल्यावर एका बाईंनी मला चर्चच्या आवारात गाठलं. मुलगा कॉलेजात शिकतो, देव-बिव काही नसतो म्हणतो, घरात वाद घालतो, तर त्याला वाचायला कोणतं पुस्तक देऊ, असं विचारत होत्या. मी पंपाच्या मोटारी बांधणारा माणूस, जन्मभर तांब्याची तार गुंडाळली. पण तुमच्या हाताखालून गेलेल्याला पुस्तकांतलं कळत असणार, अशी गावाची अजून समजूत आहे. मी म्हटलं, 'बाई, मुलगा काय म्हणतो ते राहू द्या, कधीपासून म्हणतो ते सांगा.' त्या म्हणाल्या, 'त्याचे बाबा घर सोडून गेले तेव्हापासून.' हा प्रश्न माझा नव्हे, सर, तुमचा आहे. पुस्तक मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही तो विचारायचात. एका माणसाला मात्र विचारला नाहीत, आणि त्याच्याबद्दलच आज लिहायला बसलोय.

चर्चच्या बाजूची ती खोली मला अजून दिसते. दोन कपाटं, एक लांब बाक आणि खिडकीत तुम्ही. आठवडाभर शाळेत मराठी शिकवायचात आणि रविवारी त्या खोलीत बसायचात. लोक तुमच्याकडे दुखणं घेऊन आल्यासारखे यायचे. कुणाला ऑफिसातला साहेब विचारतो, तुम्ही मूर्तीला हार घालता मग आमच्यात आणि तुमच्यात फरक काय. कुणाच्या दारी नव्या पंथाचे लोक येऊन सांगून गेलेले, तुमचं सगळं चुकलंय म्हणून. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि उठून कपाटातून एकच पुस्तक काढायचात, कधी दोन नाही. वाद घालायची हौस असलेल्याला संतांची चरित्रं. खरोखर अडलेल्याला प्रश्नोत्तरांची पातळ पुस्तिका. देव आहे की नाही यावरचा तो जाडजूड अनुवाद फार थोड्यांना मिळायचा. मला दिलात तेव्हा म्हणालात, 'यातलं मराठी सुक्या बोंबलासारखं आहे. चघळत राहा, रस सुटतो.' मी वर्षभर चघळला. थोडा सुटला.

गावातले रहाट मोडीत निघून विहिरींवर विजेच्या मोटारी बसायला लागल्या, तेव्हाचे ते दिवस. माझं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. एकदा जूचंद्रचा एक शेतकरी जळलेली मोटार घेऊन आला. गिऱ्हाईक भला, पण जिभेला हाड नाही. चारचौघांत म्हणाला, 'काय रे, तुमच्या बापजाद्यांच्या विहिरीत फिरंग्यांनी पाव टाकला, त्ये पानी प्याले नि सगला गाव बाटला म्हनतात. खरं का?' सगळे हसले. मी संध्याकाळी धुमसत तुमच्या दारात हजर. 'सर, याला जबरदस्त उत्तर असलेलं पुस्तक द्या.' तुम्ही पोट धरून हसलात. 'अरे, त्याने तुला देवाबद्दल विचारलंय का? मग देवाचं पुस्तक कशाला नासवतोस? त्याला सांग, पाव टाकला असेल, पण विहीर आम्ही बदलली नाही. आणि त्याची मोटार नीट बांधून दे.' मग घरी न्यायला मला अभंगांचं पुस्तक दिलंत. मी बघतच राहिलो. तुम्ही म्हणालात, 'आपला देव शेजाऱ्याला सांगायचा, तर तो त्याच्या देवाशी कोणत्या भाषेत बोलतो ते आधी शिक. घरची चौकशी न करता कुणी मुलगी मागायला जातं का?' जूचंद्रकराला मी तुमचं उत्तर ऐकवलं. तो म्हणाला, 'मंग पानी गोड हाय ना अजून? झालं तर. मोटार कधी देतोस?' तो मरेपर्यंत माझं गिऱ्हाईक होता, आणि त्याच्या घरच्या गणपतीला मी जात होतो.

इतका शहाणा माणूस आपल्या घरात कसा अडला, हे मला फार दिवस उमगलं नव्हतं. तुमच्या पत्नी, आमच्या बाई, वारल्या आणि तुमच्या मुलाने कॉलेज सोडलं, चर्चही सोडलं. तो माझ्याकडे कामाला आला आणि सहा महिन्यांत माझा भागीदार झाला, इतका त्याचा हात चांगला. भुईगावच्या त्या घरात तुम्ही दोघंच. बोलणं म्हणजे मीठ कुठे आहे आणि दार लावलं का. बाकी जे काही बोलायचं ते तुम्ही पुस्तकांतून बोलायचात, आणि तीही माझ्या हातून पाठवायचात, कारण तुम्ही दिलेलं तो टेबलावरून उचलायचा नाही. मी दुकानात द्यायचो, तो चार दिवसांनी परत करायचा. तुम्ही उतावीळपणे विचारायचात, 'वाचलं का? काय म्हणाला?' एकदा तुम्ही खिडकीबाहेर बघत मला म्हणालात, 'त्याने विश्वास ठेवावा असा आग्रह नाही रे माझा. मी आहे तोवर एकदा, एकदाच, माझ्याबरोबर उभा राहून प्रार्थना म्हणावी. मग माझं काही मागणं नाही.' ते ऐकल्यावर मी ती पुस्तकं जास्तच इमानाने पोचवायला लागलो.

शेवटी एक दिवस तो माझ्यावर उखडला. दु:ख का येतं यावरचं ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक मी त्याच्यापुढे ठेवलं होतं. तो म्हणाला, 'हे मला ओळखीचं आहे. आई गेली त्या आठवड्यात त्यांनी हेच दिलं होतं. मी रात्रभर वाट बघत होतो, की बाप आता माझ्याजवळ येऊन बसेल. सकाळी आले. हातात हे. वर खाकी कागदाचं कव्हर घातलेलं, कोपरे असे सुबक दुमडलेले.' मग तार ओढत म्हणाला, 'मला वाटलं होतं ते रडतील. त्यांनी कव्हर घातलं.' मी त्या पुस्तकावरचे दुमडलेले कोपरे बघत होतो. शाळेत तुमचं कव्हर घालणं मी पाहिलं होतं, सर, एका मिनिटाचं काम होतं तुमचं ते. या कव्हरावर तीन ठिकाणी कागद पुन्हा पुन्हा दुमडल्याच्या खुणा होत्या.

त्यानंतरच्याच एका रविवारी तुम्ही मला जेवायला बोलावलंत. तुमच्या हातचं कालवण, आंबट इतकं की माझे डोळे मिटले. तो समोर जेवत होता. तुम्ही बाईंच्या फोटोकडे बघत सुरू केलंत, 'आम्ही ख्रिस्ती लोक मरणाला शेवट मानत नाही. आम्ही त्याला…' तो म्हणाला, 'तुम्ही मानत नसाल.' ताट उचललं, मोरीत धुतलं, चपला घातल्या. आणि दारातून मला म्हणाला, 'आपल्या फादरांचा निरोप आला तर सांग, त्यांच्या विहिरीची मोटार झालीय. उद्या बसवतो.' तो गेला. तुम्ही पेल्यातल्या पाण्याकडे बघत बसलात. मी मात्र ताठ झालो होतो. 'आपल्या फादरांचा' म्हणाला तो. तुमच्या नव्हे, चर्चच्या नव्हे. वर्ष दीड वर्ष चर्चची पायरी न चढलेला मुलगा, रागात, घाईत, दारातून 'आपल्या' म्हणतो. आणि घरात बसलेला बाप त्याच मुलाला सांगतो, 'आम्ही असं मानतो.'

दोन दिवस मी विचार केला, की सरांना व्याकरण सांगायला जायचं म्हणजे पोपटाला मिरची विकायला जायचं. पण गेलो. म्हटलं, 'सर, रागावू नका. तुम्ही त्याच्याशी बोलताना "आम्ही" म्हणता.' 'मग काय म्हणू? आम्ही ख्रिस्ती नाही?' 'ते ऑफिसातल्या साहेबाला सांगताना बरोबर. तो साहेब नाही.' तुमचा आवाज चढला, 'मला मराठी शिकवतोस?' मी म्हटलं, 'तुम्हीच शिकवलंत. सातवीत मी उभा राहून सांगितलं होतं, सर, काल आपण फादरांच्या बागेतले पेरू चोरले. तुम्ही म्हणालात, आपण नव्हे रे गाढवा, आम्ही! मला कशाला धरून नेतोस?' तुम्हाला हसू आलं नाही. मला वाटलं होतं येईल. मी कसंबसं पुढे म्हटलं, 'आपण म्हटलं की ऐकणारा आत येतो. आम्ही म्हटलं की तो बाहेर राहतो. तुमच्या सगळ्या पुस्तकांत आम्ही आहे, सर. ती बाहेरच्यांसाठी लिहिलेली असतात. तो बाहेर गेलाय असं त्याला स्वतःला अजून माहीत नाही, आणि तुम्ही त्याला सांगताय.' तुम्ही कपाटाला कुलूप लावलंत आणि म्हणालात, 'जा आता. मला घरी जायचंय.' नंतरचे कित्येक रविवार तुम्ही माझ्याशी कामापुरतं बोलत होतात. पुस्तकं देणं मात्र थांबलं.

आणि मग नोव्हेंबरातला मृतांचा दिवस. दुपार कलली आहे, दुकानात आम्ही दोघं, तो एका मोटारीचं आतलं जळकं वेटोळं काढतोय, आणि तुम्ही दारात. तुम्ही यापूर्वी कधी दुकानात आला नव्हतात. हातात पिशवी, पिशवीत मेणबत्त्या आणि बागेतली सोनचाफ्याची फुलं. मी स्टूल पुढे केलं, तुम्ही बसला नाहीत. त्याला म्हणालात, 'चल.' 'कुठे?' 'आईकडे.' तो मान खाली घालून म्हणाला, 'बाबा, मला ते सगळं नका सांगू आज.' तुम्ही म्हणालात, 'नाही सांगत. मला ते पाठ आहे रे, कळलेलं नाही. ती का गेली हे आपल्याला कळलेलं नाही. आपल्या दोघांनाही.' तुमचा आवाज त्या 'आपल्याला' वर अडखळला, जसा नवा शब्द उच्चारताना पोरांचा अडखळतो. त्याने हातातली पक्कड ठेवली. रॉकेलने हात पुसले, मग साबणाने धुतले, मग पुन्हा धुतले. तुम्ही मला म्हणालात, 'तूही चल. आम्हाला दोघांना वाटेत बोलायला जमायचं नाही.'

सिमेट्रीत अर्धा गाव जमला होता. समुद्रावरून असा वारा सुटलेला की लोक मेणबत्त्या करवंट्यांच्या आडोशाला लावत होते. बाईंच्या थडग्यावर तुम्ही काडी ओढायचात आणि ती विझायची. मग तो खाली बसला, दोन्ही हातांची ओंजळ केली, आणि तुम्ही त्या ओंजळीत मेणबत्ती पेटवलीत. मेणाचा एक थेंब त्याच्या बोटावर पडला, त्याने हात हलवला नाही. तुम्ही उठलात, तो तुमच्या शेजारी उभा राहिला, त्याच्यापलीकडे मी. आणि तुम्ही प्रभूची प्रार्थना सुरू केलीत. लहानपणापासून म्हणत आलोय ती, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आलं की तिच्या सुरुवातीलाच 'आमच्या' आहे. तोच शब्द. पण देवाकडे तोंड करून म्हटला की शेजारी उभा असलेला त्यातून बाहेर जातच नाही, तो आपसूक आत असतो. मी तुम्हाला व्याकरण सांगितलं ते अर्धंच होतं, सर. तुम्हाला उरलेलं अर्धं तेव्हाच ठाऊक असणार, म्हणून तर त्याला समोर न बसवता शेजारी घेतलंत.

परतताना तो पुढे चालत होता, पिशवी त्याच्या हातात. तुमचे कान तोवर मंद झाले होते. तुम्ही माझा दंड धरून हळूच विचारलंत, 'म्हणाला का रे? तू त्याच्याजवळ होतास. तुझे कान तिखट.' मी सांगितलं, 'ओठ हलत होते, सर. शब्द नाही कळला. वारा फार होता.' तुम्ही थांबलात. आता तुम्ही खचणार असं मला वाटलं. तुम्ही पुढे चालणाऱ्या त्याच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, 'असू दे. आपण विचारायचं नाही.' आणि तुम्ही विचारलं नाहीत. पुढची सगळी वर्षं तुम्ही दोघं त्या दिवशी तिथे जात राहिलात, आणि एका वर्षी तुम्हीही तिथेच राहिलात.

त्या बाईंना मी अजून पुस्तक दिलेलं नाही. मुलाला घेऊन माझ्याकडे चहाला या, इतकंच सांगितलंय. तुमचा मुलगा आता दुकान त्याच्या मुलावर सोपवून बागेत रमतो. चर्चला येतो कधी, कधी येत नाही. मृतांच्या दिवशी मात्र आम्ही दोघं तुमच्या थडग्यापाशी उभे असतो, तुम्हा दोघांसाठी. तुम्ही सांगितलंत तसं मी त्याला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. पण सर, दरवर्षी मी वाऱ्याची दिशा बघून उभा राहतो, त्याचा आवाज माझ्याकडे येईल अशा बाजूला. तो प्रार्थना म्हणतो की नुसते ओठ हलवतो, याच्याकडे मी कान लावून राहतो, आणि त्या नादात माझी स्वतःची प्रार्थना म्हणायची राहून जाते.