पक्की खोली

आखाडा बाळापूर,
१८ नोव्हेंबर

दिपा,

पुन्हा पुन्हा साबण लावला, तरी हातांचा वास जात नाही. मघापासून संडासाची फरशी खरवडते आहे. कोंबड्यांची घाण वाळली की सिमेंटसारखी होते. आधी पाणी मारून भिजवायची, मग विळ्याने काढायची. भिजली की वास पुन्हा ताजा होतो. निम्मी फरशी झाली. उरलेली भिजत घातली आहे, तेवढ्यात हे लिहिते.

तुम्ही सगळे बरे असाल. अण्णांचा गुडघा कसा आहे?

परवा फोनवर तू विचारलंस, "ताई, खरं सांग, तुझं घर कसं आहे? तुझ्या दिराला, स्वप्निलला, हो म्हणू का?" सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. मी म्हणाले, चांगलं आहे. ते उत्तर नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझ्या लग्नाआधी अण्णा हे घर बघायला आले, तेव्हा त्यांनी संडासाचं दार स्वतः उघडून पाहिलं होतं. निळी फरशी, नळ, आतून कडी. घरी आल्यावर ते शेताबद्दल कमी आणि त्या खोलीबद्दल जास्त बोलले. माझ्या पोरीला बाहेर जावं लागणार नाही, असं त्यांनी शेजारीपाजारी सांगितलं.

जूनमध्ये सासूबाईंच्या बचत गटाला कोंबडीची पिल्लं मिळाली. या घरात त्याआधी कोंबडी नव्हती, त्यामुळे खुराडंही नव्हतं. सासरे म्हणाले, दोन दिवस राहू द्या संडासात. पाऊसकाळ गेला, पिल्लं वाढून अंड्यावर येणाऱ्या तलंगा झाल्या, त्या तिथेच राहिल्या. पहिलं अंडं भांड्यात सापडलं. संडासाच्या भांड्यात. सासूबाईंनी ते पदराला पुसलं आणि त्याची पोळी केली. तुझ्या दाजींनी खाल्ली. "चव हाय," म्हणाले. मी ताटावरून उठले.

मी विषय काढला तेव्हा सासरे हसले.

"इतकी पक्की खोली! मुंगूस शिरत न्हाई, बोका शिरत न्हाई. अन् ती काय हगायला वाया घालवायची व्हय?"

सासूबाई म्हणाल्या, "आमी गेलोच ना इतकी सालं बाहेर. तुलाच काहून तकलीफ होऊन राहिली?"

तुझे दाजी मोबाइल बघत होते. बघतच राहिले.

म्हणून खुराडं मीच बांधायला घेतलं. गोठ्यामागे जुन्या पलंगाची लोखंडी चौकट पडली होती. ती विटांवर ठेवली, म्हणजे ओल लागणार नाही. तळाला बांबूच्या कांबी विरळ बांधल्या, म्हणजे घाण खाली पडेल. चारी बाजूंना जाळी. तारा पिळताना बोटं फाटली. संध्याकाळी शेतातून आला की स्वप्निल मदतीला बसायचा. बाजारातून बिजागऱ्या त्यानेच आणल्या. वरचा पत्राही त्यानेच ठोकला.

"वैनी, टू बीएचके बांधून राहिल्या का? पार्किंगबी काढा मंग."

"तुम्ही आधी दार सरळ लावा, भाऊजी."

"दार सरळच हाय. कोंबड्याच तिरप्या चालतेत."

मी हसले. या अंगणात मी हसले, हे माझ्या नंतर लक्षात आलं. घरात एकाला तरी कळतं, असं वाटलं. तुला काय लिहायचं ते त्या संध्याकाळी जवळजवळ ठरलं.

काल कोंबड्या नव्या खुराड्यात घातल्या. सासूबाईंनी बजावलं, "चार दिस कोंडूनच ठेव. न्हाईतर दिवस बुडला की जुन्याच जागी जातेत. मंग लागते सवय."

आता जे टाळते आहे ते.

मी पहाटे नाल्याकडे जाते. एकटी. मोटारसायकलचा उजेड आला की उठून उभी राहते, तो गेला की पुन्हा बसते. दुपारनंतर पाणी पीत नाही. दोनदा लघवीला जळजळ होऊन ताप आला. तुला मलेरिया सांगितला होता. कळमनुरीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी भरपूर प्या.

आणि तू स्वप्निलबद्दल विचारलंस, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं, तेही लिहिते. दिपा आली तर पहाटे सोबत होईल. कोंबड्यांच्या घाणीची मला किळस येते. या विचाराची त्याहून जास्त आली.

पण आता खुराडं झालं आहे. फरशी निम्मी निळी दिसते. संध्याकाळपर्यंत बाकीची होईल, मग फिनाइल. उद्या पहाटे मी आत जाऊन कडी लावीन. दुसऱ्या कोणाला इथे बोलावताना मला लाज वाटू नये, एवढंच हवं होतं.

हो म्हण. मुलगा चांगला आहे.

तुझी,
ताई

१९ नोव्हेंबर, सकाळ

पहाटे बादली घेऊन गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं.

स्वप्निल गोठ्यापाशी दात घासत होता. "हरभऱ्याचं खत टाकलं आत," तो म्हणाला. "खाली फळ्या घातल्या, वर गोण्या. एकदम चकाचक केली तुमी खोली, वैनी. तुमच्यामुळं जागा झाली."

मी किल्ली मागितली. त्याला वाटलं, मी थट्टा करते आहे. त्याने खिसा थोपटून दाखवला आणि चूळ भरली. "बाहेर खत ठिवलं की चोरी होते," म्हणाला.

मी नाल्याकडे जाऊन आले. मग हे लिहायला बसले. वर "हो" लिहिलं आहे, ते खोडलेलं नाही. मी कुठपर्यंत आले होते, ते तुला कळायला हवं.

नाही म्हण, दिपा. अण्णांनी कारण विचारलं तर हे पत्र त्यांच्या हातात दे.

कोमल