दुलईतलं खेचर

नार्दोस पालेर्मोहून थोरल्या बहिणीचा आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, पण ते आईला सांगू नकोस. तिचा खोकला कसा आहे?

तुझा निरोप पोचला. मला न विचारता बार्तुच्चो गिरणीवाल्याशी माझं लग्न ठरवलंस, आणि वर म्हणतोस, "तायडे, रीतीप्रमाणे तुझ्या लग्नाच्या दुलईच्या मधोमध त्याच्या घराण्याचं चिन्ह भर." अरे, त्याला बायको नकोय, पहिल्या बायकोची पोरं सांभाळायला आणि गोणी उचलायला कुणीतरी हवंय. मी इथे सुईवर पोट भरते. तुझ्या ताटातलं खाते का?

मधली जागा भरली मी. लिननच्या दुहेरी कापडावर तपकिरी दोऱ्याने खेचर शिवलं. पाय रोवून उभं आहे, तोंडात लगाम नाही. मागून कापूस असा ठासलाय की हात फिरवला तर बरगड्या लागतात. लहानपणी माझा हट्ट बघून आई मला खेचरच म्हणायची. बघताच ओळखेल.

मीठवाल्यांच्या तांड्याबरोबर दुलई पाठवतेय. आईच्या अंगावर घाल. बार्तुच्चोलाही दाखव हवं तर. म्हणावं, हे खेचर गिरणीचं ओझं वाहत नाही.

तुझी बहीण, आणि कुणाचीच बायको नसलेली,
पेर्ना