ठेका चुकणारं मशीन

उस्ताद, अकोल्याच्या त्या ऑर्केस्ट्रावाल्याचं ठेक्याचं मशीन मागच्या मंगळवारी माझ्या टेबलावर आलं. त्याचा मुलगा गाडीत घालून अमरावतीला घेऊन आला. बटण दाबलं की ढोलक, काँगो, खंजिरी एकट्यानं वाजवणारी ती पेटी मी लगेच ओळखली. मुलगा म्हणाला, "काका, आता जुन्या आवाजाले लई मागणी आहे. पण हे दहा मिनिटं वाजते अन् खर्ज गिळून टाकते." मग हसला. "बाबा म्हनत, त्या म्हाताऱ्यानं हात लावला तवापासून बिघडलं." म्हातारा म्हणजे तुम्ही. मी मान डोलावली. मीही इतकी वर्षं तेच मानत आलो होतो.

तुम्ही शिकवलं होतं तसं आधी नुसतं ऐकत बसलो. मग मीटर लावलं, तर वीज बरोबर येत होती. दोन कपॅसिटर फुगलेले दिसले, ते बदलले. ठेका सुरू झाला, मी चहा मागवला, आणि चहा यायच्या आत खर्ज पुन्हा गेला. बाकी सगळं वाजत राहतं, फक्त समेचा ठोका पडत नाही. अंधारात पायरी चुकावी तसं वाटतं. शेवटी घरातून केस वाळवायचं यंत्र आणलं आणि एकेक भाग तापवत गेलो. बटणांच्या पट्टीखाली गरम हवा शिरली की ठोका गायब. पट्टी सोडवली. खाली सर्किटवरची तांब्याची एक रेघ हिरवी पडून तडकली होती. तिच्या शेजारच्या रेघेवर आधीच कुणीतरी बारीक तार जोडलेली, आणि ते गोल, चकचकीत सोल्डरिंग तुमचंच. तारेभोवती पुसूनही राहिलेला हळदीचा पिवळा डाग. स्क्रूच्या खोबणीत कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक दाणा.

दसरा आहे, अकोल्यातल्या तुमच्या दुकानातला. तुम्ही दुपारच्या नमाजाला गेला आहात. तुम्ही दुरुस्त केलेलं मशीन फळीवर तयार आहे. मी चोवीस वर्षांचा, तुमच्या हाताखाली शिकणारा, गळ्यात तुळशीची माळ. गावाकडे आम्ही वखर, पाभर, विळे पुजतो, तसं तुमचं दुकान पुजतो. आंब्याच्या पानानं हळदीचं पाणी शिंपडतो, अक्षता टाकतो. मशीनवर जरा जास्तच, कारण ते देवीच्या गाण्यांना वाजणार. तुम्ही परत येऊन बघता आणि हसता. "इतकी पूजा? आता तं हे सोताहून भजन म्हनन."

कोजागिरीच्या कार्यक्रमात मशीन भर गाण्यात बंद पडलं. दुसऱ्या दिवशी ऑर्केस्ट्रावाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडला, "हात थरथरते तं दुकान काहून उघडं ठेवता चाचा?" तुम्ही मशीन उघडलं, क्षणभर आत पाहिलं आणि म्हणालात, "माझी चूक झाली. दोन घंट्यात देतो." मग मला तार आणायला बाजारात पाठवलंत. तारेचं रीळ तुमच्या डोक्यामागेच खिळ्याला लटकत होतं. उस्तादचा हातच काय, ध्यानही गेलं, असं मनात म्हणत मी गेलो.

संध्याकाळी तुम्ही एवढंच बोललात. "पुढच्या दसऱ्याले आपल्या पेचकसाले, पकडीले कुंकू लाव बाबू. लोकाईच्या मशीनले नको."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "तुमच्या दुकानात माह्या देवाले जागा नसन तं मी चाललो."

तुम्ही डोळे उचलून पाहिलंत. "जेवून तं जाय."

मी जेवलो नाही. पुढे अमरावतीत कुणीही विचारलं, अकोला काहून सोडलं, तर मी सांगत आलो, उस्तादले पूजा चालत नव्हती. ऐकणारे समजल्यासारखी मान हलवत, आणि मला बरं वाटे. देवासाठी काहीतरी सोडलं असं वाटे. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी मातीला आलो नाही, ते याच तोऱ्यात. तुम्ही एक वाक्य बोलला असता, ‘तुझ्या पाण्यानं मशीन गेलं’ एवढंच, तर मी त्या पायरीवर तोंड दाखवू शकलो नसतो. म्हणून तुम्ही बोलला नाहीत. रोज हरिपाठ म्हणणाऱ्या मला हे कळायला एक तडकलेली रेघ लागली.

तुमच्या तारेशेजारी मी माझी तार जोडली. मशीन तासभर न चुकता वाजलं. काल मुलगा न्यायला आला.

"काय निघालं काका?"

"ओल गेली होती आत."

"कशी काय?"

"जुनी गोष्ट आहे."

"म्हनजे त्या म्हाताऱ्याचंच काम," तो मशीन डिकीत ठेवत म्हणाला.

"असन," मी म्हणालो.

त्याचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे, अजून लावलेला नाही. सकाळपासून हे लिहीत बसलो आहे, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे.