कोंबड्याची तबकडी

डिचोली,
ता. १४ जून १९८७

चि. कृष्णनाथास आशीर्वाद. मुरगावच्या बंदरात खारं वारं खाऊन जाडा झालास म्हणतात. झालास तर बरंच. इथे सगळी ठीक. म्हैस व्याली, नात सेजल चौथीत गेली, आणि गोवा राज्य झालं. नळाला पाणी मात्र अजून संध्याकाळीच येतं.

अक्षर ओळखलंस ना? माझा लेक, तुझा जुना भागीदार गोकुळदासच लिहितोय. सेजललाही लिहिता येतं, पण मुद्दाम यालाच बसवलाय. तोंड बघायला हवं होतंस, कारलं चघळतोय जसा. लिही रे, हेसुद्धा लिही.

काल काजूची खोली झाडली. तुमच्या 'काजुलो रेकॉर्ड्स' कंपनीची पाटी, काजव्याच्या चित्रासकट, अजून दारावर आहे. आवाज घुमू नये म्हणून तुम्ही दोघांनी माझ्या गोधड्या भिंतींना ठोकल्यात, आणि आम्ही थंडीत कुडकुडलो. तरी पहिल्याच गाण्यात आमचा कोंबडा आरवला. मुंबईहून तबकड्या आल्या त्या कोंबड्यासकट! लोक दुकानात 'कोंबड्याचं गाणं द्या' म्हणायचे. एका बाजूला तुझं कोंकणी, दुसऱ्या बाजूला याचं मराठी. प्रत्येक तबकडी तशीच. पेडण्यापर्यंत लग्नांत वाजली.

मग गोव्यात कोंकणी की मराठी, हे भाषेचं भांडण पेटलं, आणि तुम्हाला आठवण झाली, पहिली बाजू कुणाची! अरे पुता, मला कुठे वाचता येतं? हाताला येईल ती बाजू मी लावायची. तू गायचास तेव्हा पेटी याची, हा गायचा तेव्हा तुझी. एवढ्यावरून कंपनी बंद केलीत, रेडे कुठले!

काल तीच तबकडी लावली. कोंबडा हल्ली फार हळू आरवतो रे. म्हातारा झाला असेल. सेजल ओरडते, "आजी, किती मोठ्याने लावलंस गो!" पोरीला काय कळतं.

आता तबकडी पुरे. तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून गा. गणपतीत चवथीला ये, हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या करीन. हा अबोला धरून बसला, तर याला उपाशी ठेवीन.

अंगठा माझाच आहे, याचा नव्हे.
शेवंतीआई

कृष्णा, हे आईने सांगितलेलं नाही. कोंबडा होता तसाच आरवतो. तिचा एक कान गेला, दुसऱ्याचा डॉक्टर भरवसा देत नाहीत. बाजू हवी ती आधी लाव. चवथीची वाट बघू नकोस.
गोकुळदास